माहिती अधिकाराच्या पानावरचे ‘अपील’ वाचकाला का सापडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करावा, याविषयी तुम्ही सुमारे पंधराशे शब्दांचे मराठी पान लिहिले आहे. ते पुष्कळ जण उघडतात, तरीही दिवसाला चार-पाच जण फोन करून फी किती, उत्तर किती दिवसांत येते आणि उत्तर आले नाही तर पुढे काय करायचे, एवढेच विचारतात. आणि ही तिन्ही उत्तरे त्याच पानावर लिहिलेली आहेत. तुम्ही वाक्ये लहान केलीत, महत्त्वाचे शब्द ठळक केलेत, जागोजागी ठिपके देऊन याद्या केल्यात, पण फोन थांबले नाहीत. शेवटी तुम्ही विचारले आहे की, मराठी माणसाला वाचायची सवयच उरलेली नाही का?

मी गेली अठरा वर्षे पडद्यावर वाचायच्या मराठी मजकुराचे संपादन करते आहे, आणि त्यातला बराचसा मजकूर तुमच्यासारखाच, म्हणजे योजना, दाखले, आरोग्य आणि कायदा यांची माहिती देणारा आहे. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. सवय गेलेली नाही. कोणत्याही अनुभवी कारकुनाने शासन निर्णय हातात घेतला की तो काय करतो ते पाहा. तो वरचा विषय वाचतो, ‘वाचा’ म्हणून दिलेली संदर्भांची यादी आणि ‘प्रस्तावना’ ओलांडतो, ‘शासन निर्णय’ या मथळ्यापाशी थांबतो, तिथून आपल्या कामाचा मुद्दा गाठतो आणि शेवटी प्रत कुणाकुणाला आहे यावर नजर टाकतो. सहा पानांचा कागद दोन मिनिटांत चाळून होतो आणि कामाचे सगळे त्याच्या हाती लागलेले असते. हे त्याला जमते, कारण शासन निर्णयाचा साचा ठरलेला असतो आणि कोणती गोष्ट कुठे असणार हे त्याला पाठ असते. तुमच्या पानावर येणाऱ्या माणसाला तुमचा साचा ठाऊक नसतो, तो बहुधा एकदाच येतो आणि एकच गोष्ट शोधत येतो. तेव्हा मी तुमचा प्रश्न असा मांडीन: जी गोष्ट शोधत माणूस आला आहे, ती त्याची नजर जिथून जाते तिथे, आणि तो ज्या शब्दाने ती ओळखतो त्याच शब्दात, कशी ठेवायची?

पुढे जे लिहिते आहे ते सर्व प्रकारच्या लेखनाला लागू नाही, हे आधीच सांगायला हवे. एखादा ललित लेख, आठवणी किंवा बाजू मांडणारा दीर्घ लेख वाचायला जो येतो तो सवड काढून आलेला असतो. त्या मजकुराचे तुकडे करून मध्ये मथळे पेरले तर त्याचा श्वास तुटतो. कायद्याचा मूळ मजकूर जसाच्या तसा द्यायचा असेल तर त्यालाही हात लावता येत नाही. शिवाय तुमचे वाचक कोण आहेत यावर पुष्कळ अवलंबून आहे. कार्यकर्ते आणि वकील कलमाचा क्रमांक शोधतात, पहिल्यांदा अर्ज करणारा माणूस ‘फी’ हा शब्द शोधतो, आणि एकाच पानावर दोघांची सोय करायची असेल तर कुणाला वर जागा द्यायची हे तुम्हाला ठरवावेच लागते. तो निर्णय मी इथे बसून घेऊ शकत नाही, पण तुम्ही घेऊ शकता, कारण तुमच्याकडे फोन येतात. पंधरा दिवस एक वही ठेवा आणि प्रत्येक फोन करणाऱ्याचे पहिले वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आपल्या भाषेत सुधारून नव्हे. माझ्या कामात कोणत्याही नव्या पानाचा आराखडा अशाच वहीतून होतो. लोक ‘शुल्क’ म्हणत नाहीत, ‘फी’ म्हणतात किंवा ‘तिकीट किती रुपयांचे लावायचे’ असे विचारतात. ‘प्रथम अपिलीय अधिकारी’ म्हणत नाहीत, ‘वरच्या साहेबांकडे जायचे का’ असे विचारतात. हे शब्द पानावर आलेच पाहिजेत. कायद्याची संज्ञा त्यांच्या मागोमाग येऊ द्यावी.

आता नजरेच्या वाटेविषयी. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ साली वेबवरच्या वाचनाविषयीची आपली निरीक्षणे मांडली, तेव्हा त्यांच्या पाहणीतल्या ७९ टक्के लोकांनी नवे पान नुसते चाळले होते आणि शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्केच होते. पुढे २००६ साली डोळ्यांच्या हालचाली टिपून त्यांनी दाखवले की मजकुराने भरलेल्या पानावर नजर बहुधा इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी फिरते: वरच्या एक-दोन ओळी बऱ्याचशा आडव्या वाचल्या जातात आणि मग नजर डाव्या कडेने खाली घसरत जाते. या अभ्यासांचा निष्कर्ष सगळे जण सांगतात की महत्त्वाचे शब्द आधी लिहा. इंग्रजीत हे करणे तुलनेने सोपे असते, कारण तिथे कर्ता आणि क्रियापद वाक्याच्या आरंभीच येऊन जातात. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी बसते आणि त्याच्या आधी अटी, अपवाद, कालावधी, ‘केलेल्या’, ‘असणाऱ्या’, ‘संबंधित’ अशी विशेषणे ओळीने उभी राहतात. याचा परिणाम असा होतो की, ज्या डाव्या कडेवरून वाचकाची नजर घसरत जाते, त्या कडेवर आपल्या मराठी मजकुरात नेमकी सर्वांत कमी कामाची गोष्ट असते. वाक्ये लहान करूनही तुमचे काम झाले नाही, त्याचे मुख्य कारण मला हे वाटते.

तुम्ही पाठवलेल्या पानातले एक वाक्य घेते. ‘माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये कोणत्याही नागरिकाने सक्षम अधिकाऱ्याकडे विहित शुल्कासह सादर केलेल्या अर्जावर, सदर अर्ज प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत निर्णय घेणे संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक असून, सदर माहिती व्यक्तीच्या जीविताशी अथवा स्वातंत्र्याशी संबंधित असल्यास ती अठ्ठेचाळीस तासांच्या आत पुरवणे आवश्यक आहे.’ या वाक्यात चूक काहीच नाही. पण ज्याला किती दिवस हे हवे आहे, त्याच्यासाठी ‘तीस’ हा शब्द विसावा आहे. माझ्या फोनवर वाचण्याजोग्या आकारात मराठीचे पाच-सहा शब्द एका ओळीत मावतात. म्हणजे ‘तीस’ चौथ्या ओळीच्या आसपास कुठेतरी मध्यात पडतो आणि डाव्या कडेवर ‘माहितीचा’, ‘नागरिकाने’, ‘सादर केलेल्या’ अशी अक्षरे येतात. शोधणाऱ्याला तिथे थांबण्याचे काहीच कारण नसते.

हेच मी असे लिहीन. मथळा: ‘उत्तराची मुदत: ३० दिवस’. खाली: ‘३० दिवसांच्या आत उत्तर मिळाले पाहिजे. दिवस मोजायचे ते अर्ज कार्यालयाला मिळाल्याच्या तारखेपासून. माहिती कुणाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल, तर मुदत ४८ तासांची.’ दुसऱ्या वाक्याची मांडणी पाहा. ‘दिवस मोजायचे ते अमुक तारखेपासून’ ही बोलण्यातली रचना आहे आणि तिच्यात मुख्य विषय सहजपणे पुढे येतो. आपल्या बोलीत असे पुष्कळ मार्ग आहेत: ‘फी लागते ती दहा रुपये’, ‘अपील करायचे ते त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे’. घरात, बाजारात आपण सतत असे बोलतो, फक्त लिहायला बसलो की हे मार्ग विसरतो आणि सगळे वजन वाक्याच्या शेपटाकडे ढकलतो. मराठीचा शब्दक्रम लवचीक आहे आणि त्याचा उपयोग करून घेतला तर इंग्रजीची नक्कल न करताही कामाचा शब्द डाव्या कडेवर आणता येतो.

दुसरी अडचण शब्दांच्या रूपांची आहे, आणि तिच्याकडे फारच कमी जणांचे लक्ष जाते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात आणि तसे होताना नाम आपले रूप बदलते. ‘अपील’ शोधणाऱ्या माणसासमोर ‘अपिलासाठी’, ‘अपिलाची’, ‘अपिलावरील’ असे शब्द येतात; ‘दाखला’ शोधणाऱ्याला ‘दाखल्यासोबत’ दिसतो, ‘सातबारा’ शोधणाऱ्याला ‘सातबाऱ्यावरील’. सावकाश वाचताना हे जाणवतही नाही, पण चाळताना नजर शब्दाचा आकार ओळखत असते, त्याची फोड करत नसते. दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व झाली, शेवटाला प्रत्यय लागून शब्द दुप्पट लांबला, की ओळखीचा आकार हरवतो. ब्राउझरमध्ये पानावर शब्द शोधण्याची सोय वापरणाऱ्यालाही हाच अनुभव येतो, कारण ‘अपील’ असे टंकले तर ‘अपिलासाठी’ सापडत नाही. तुमच्या पानावर मी मोजले: अपिलाविषयी दोन परिच्छेद आहेत, पण ‘अपील’ हा शब्द मूळ रूपात एकदाही आलेला नाही. फोन करणारे तो भाग नाही असे समजतात, यात नवल नाही.

म्हणून माझा नेम असा आहे की, ज्या शब्दाने वाचक शोधणार तो शब्द मथळ्यात प्रत्ययाविना, मूळ रूपात आलाच पाहिजे, आणि शक्यतो पहिला आला पाहिजे. ‘मुदतीत माहिती न मिळाल्यास करावयाच्या अपिलाची कार्यपद्धती’ यापेक्षा ‘पहिले अपील: ३० दिवसांच्या आत’ हा मथळा शोधणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. तुमच्या सातपैकी चार मथळ्यांची सुरुवात ‘माहितीच्या अधिकारांतर्गत’ अशी आहे, ती पूर्ण काढून टाका. पान कशाविषयी आहे हे शीर्षकात आलेले आहे. तेच शब्द प्रत्येक मथळ्यात पुन्हा आले तर डाव्या कडेवर चार सारख्याच पाट्या लागतात आणि फरक कळायला प्रत्येक मथळा शेवटपर्यंत वाचावा लागतो. मी ते असे करीन: ‘फी: १० रुपये’, ‘अर्ज कुणाकडे द्यायचा’, ‘उत्तराची मुदत: ३० दिवस’, ‘पहिले अपील: त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे’, ‘दुसरे अपील: राज्य माहिती आयोगाकडे’.

मथळ्यातच उत्तर दिले तर खालचे कुणी वाचणार नाही, असा आक्षेप माझे सहकारी नेहमी घेतात. माझे मत असे आहे की ज्याचे काम मथळ्यावर झाले त्याने पुढे जावे, कारण तो त्यासाठीच आला होता. सावध राहायचे ते एकाच बाबतीत: मथळ्यात आलेले उत्तर एखाद्या अटीमुळे कुणासाठी चुकीचे ठरत असेल तर ती अट मथळ्याखालच्या पहिल्याच ओळीत हवी. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी लागत नाही, ही गोष्ट ‘फी: १० रुपये’ या मथळ्यापासून दोन परिच्छेद दूर असेल, तर मथळ्याने त्या माणसाचे नुकसान केले असे मी म्हणेन.

आकड्यांविषयी मला एक प्रसंग सांगावासा वाटतो, कारण माझी स्वतःची पद्धत त्यानंतर बदलली. एका तहसील कार्यालयाबाहेरच्या बाकावर मी काही लोकांना असेच एक पान वाचायला देत होते. पन्नाशीच्या एक बाई होत्या, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. मी त्यांना फोन देऊन म्हटले की, उत्तर किती दिवसांत यायला पाहिजे ते यात शोधून सांगा. त्यांचा अंगठा एका लयीत पान वर सरकवत होता. ‘तीस दिवसांच्या आत’ ही अक्षरे पडद्यावरून दोनदा वर गेली आणि दोनदा खाली आली, पण अंगठा थांबला नाही. तो थांबला ‘२००५’ पाशी, आणि मग ‘कलम ७(१)’ पाशी. “सात दिवस का?” त्यांनी विचारले. मी दुसऱ्या फोनवर तेच पान ‘३० दिवस’ असे आकड्यात लिहून ठेवलेले होते. ते दाखवल्यावर त्यांनी लगेच बोट ठेवले.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. ‘किती’ हा प्रश्न घेऊन आलेली नजर अंक शोधते, अक्षरे नव्हे. त्यामुळे छापील मराठीत लहान संख्या अक्षरी लिहिण्याची जी चांगली पद्धत आहे, ती अशा पानांवर मोडावी लागते. वर्णनाच्या ओघातले ‘एक-दोन’, ‘चार-पाच’ तसेच राहू द्यावेत, पण मुदत, रक्कम, पानांची संख्या, वय हे सगळे अंकांत हवे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती: जे अंक वाचकाला नको असतात तेही त्याला थांबवतात. अधिनियमाचे वर्ष, कलमांचे क्रमांक, अधिसूचनेचे दिनांक मजकुरात विखुरलेले असले की खऱ्या उत्तराला तेच झाकतात आणि त्या बाईंसारखी गल्लत होते. आता मी कलमांचे क्रमांक पानाच्या शेवटी ‘कायद्यातली कलमे’ अशा वेगळ्या भागात एकत्र देते. कार्यकर्त्यांची आणि वकिलांची सोय तिथे नीट होते आणि पहिल्यांदा आलेल्याची वाट मोकळी राहते. तारीखही ‘१५/०६’ अशी न लिहिता ‘१५ जून’ अशी लिहावी, म्हणजे ती तारीखच आहे हे बघताक्षणी कळते.

ठळक अक्षरांविषयी तुम्ही खूप श्रम घेतलेले दिसतात, पण तिथे मला हात आखडता घ्यायला सांगावे लागेल. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नसते, आणि अक्षरे तिरकी करणे हा आपल्या लिपीचा स्वभाव नाही. यंत्राने ती नुसती कलंडवलेली असतात. अधोरेखा दिली तर ती उकार, ऊकार आणि पायमोडक्या अक्षरांतून आरपार जाते, शिवाय वाचकाला ती लिंक वाटते. अक्षरांत मोकळी जागा सोडून शब्द उठावदार करू पाहिले तर शिरोरेषाच तुटते. म्हणजे आपल्याकडे उठावाचे साधन जवळजवळ एकच, ते म्हणजे ठळक ठसा, आणि तोही लहान आकारात ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ष्ट्य’ अशा जोडाक्षरांच्या पोटातली जागा बुजवून टाकतो. एका आरोग्यविषयक पानावर मी पूर्वी तीसेक ठिकाणी ठळक अक्षरे वापरली होती, आणि वाचणाऱ्यांना विचारल्यावर कळले की, त्यातले एकही ठिकाण कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. आता एका परिच्छेदात फार तर एक, तेही दोन-तीन शब्दांचेच, आणि पूर्ण वाक्य ठळक कधीच नाही. तुमच्या पानावर ‘अत्यंत महत्त्वाचे’ हे शब्दच ठळक आहेत आणि पुढची महत्त्वाची गोष्ट साधी आहे. तिथे उलट करा.

अक्षरांच्या मांडणीत दोन-तीन गोष्टी एकदाच लावून ठेवायच्या असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमध्ये जागा जास्त लागते. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दीडपट अंतराचा उल्लेख आहे, मी मराठीसाठी अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट ठेवते. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण आपले शब्द लांब असतात आणि अरुंद पडद्यावर त्यांच्यामध्ये मोठाल्या फटी पडतात. पानाची भाषा मराठी आहे, हे पानाच्या एचटीएमएल संकेतात नोंदवून घ्या. काही फाँटांमध्ये त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात आणि पडदावाचक आज्ञावलीला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, मराठी उच्चार निवडता येतात.

याद्यांचा नियम मी असा पाळते: ज्या गोष्टी माणूस हातात घेऊन एकेक तपासणार आहे त्यांची यादी करावी, जसे अर्जासोबत जोडायचे कागद, ज्या क्रमाने करायच्या आहेत त्यांना क्रमांक द्यावेत, आणि जिथे एका गोष्टीमुळे दुसरी घडते तिथे यादी करू नये. तुमच्या पानावर ‘अर्ज का फेटाळला जातो’ या भागाचे तुम्ही आठ ठिपके केले आहेत आणि त्या खटाटोपात ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’ हे सगळे शब्द गळून पडले आहेत. तिथे वाचकाला कारण समजून घ्यायचे असते, आणि कारण सांगायला जोडलेले वाक्यच लागते. तो भाग पुन्हा दोन परिच्छेदांत लिहा. इतर ठिकाणचा परिच्छेद मात्र लहान असू द्या: सत्तर शब्दांचा परिच्छेद कागदावर छोटा दिसतो, पण फोनवर त्याच्या बारा-तेरा ओळी होतात आणि तेवढ्याने पडद्याचा बराच भाग भरून जातो.

मजकुराची अशी फोड करणे म्हणजे बाहेरची टूम आहे आणि तिने मराठीचे सौष्ठव जाते, असे काही जाणते संपादक म्हणतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, तरी मला ते पटत नाही. मोडी कागदात लांबच लांब शिरोरेषा ओढून तिच्याखाली शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहीत, आणि ते चालत असे, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्या कामात मुरलेले कारकून होते. एकोणिसाव्या शतकात छापील मराठी सर्वांच्या हाती जाऊ लागली, तेव्हा विरामचिन्हे आली, आणि ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. आज स्वल्पविरामाला कुणी परका म्हणत नाही. वाचणारा बदलला की मांडणी बदलावी लागते, आणि आता आपला वाचक बसस्टँडवर एका हातात फोन धरून उभा आहे.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, फोनच्या वहीतून लोकांचे प्रश्न आणि शब्द घ्या, तो शब्द मूळ रूपात मथळ्याच्या आरंभी आणा, ‘किती’ची उत्तरे अंकांत लिहून बाकीचे अंक बाजूला काढा, आणि ठळक ठसा व याद्या जपून वापरा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तिचा तुमच्याकडे येणाऱ्या फोनशी संबंध आहे. अशी पाने पूर्ण रूपात पुढे जात नाहीत. लोक हव्या त्या भागाचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. म्हणून मथळा आणि त्याखालचा मजकूर मिळून एका पडद्यात मावला पाहिजे आणि तेवढाच वाचून कळला पाहिजे. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘वरीलप्रमाणे’ हे शब्द इथे घात करतात: पानावर ते नजरेला मागे फिरवतात आणि स्क्रीनशॉटमध्ये तर मागे फिरायला जागाच नसते. ‘सदर अधिकाऱ्याकडे’ या जागी ‘जन माहिती अधिकाऱ्याकडे’ असे पुन्हा लिहिले तर पुनरुक्ती होईल, आणि ती होऊ द्यावी. हाच मजकूर तुम्ही संदेश म्हणूनही पाठवत असाल तर तिथे मथळे नसतात. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन दिले की तो ठळक होतो, मुख्य आधार तोच असतो. त्यामुळे संदेशाची पहिली ओळच उत्तर असली पाहिजे.

मथळे नुसते ठळक आणि मोठे करून चालत नाहीत, ते पानाच्या रचनेत मथळे म्हणूनच नोंदवलेले हवेत. डोळ्यांनी न पाहू शकणारे वाचक एनव्हीडीएसारख्या पडदावाचकावर ‘एच’ ही कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत पान चाळतात, आणि नुसत्या ठळक ओळी त्या कळीला सापडत नाहीत. त्याच कारणाने अर्जाचा नमुना स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये किंवा जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये देऊ नका. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि युनिकोड नसलेली मराठी पडदावाचकाला भलतीच वाचावी लागते.

सगळे बदल एकदम करू नका. ‘अपील’ या भागापासून सुरुवात करा. फी विचारायची राहिली तर माणूस फोन करून विचारतो, अपिलाला मात्र मुदत असते: उत्तराची मुदत संपल्यापासून किंवा उत्तर हाती आल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरे. उशीर झाला तर तो माफ होऊ शकतो, पण पुरेसे कारण पटवून द्यावे लागते. तो भाग नव्याने लिहून झाला की, ज्याने आजवर असा अर्ज केलेला नाही अशा शेजाऱ्याच्या हाती फोन द्या आणि ‘उत्तर आले नाही तर किती दिवसांत आणि कुणाकडे जायचे’ एवढेच शोधायला सांगा. पान कसे वाटले, हे विचारू नका, चांगलेच वाटले असे सगळे सांगतात. त्यांच्या अंगठ्याकडे पाहा. जिथे तो पान वर सरकवता सरकवता थांबून पुन्हा खाली ओढतो, तिथला मथळा बदला आणि दुसऱ्या शेजाऱ्याकडे जा. मला साधारणपणे चार-पाच जणांपर्यंत जावे लागते.